काचेला लाल धागा

आमच्या घरात काच फेकायची झाली तर ती आधी वर्तमानपत्रात गुंडाळायची, वरून लाल धाग्याचे चार वेढे द्यायचे, गाठ मारायची आणि मगच सुक्या कचऱ्याच्या पिशवीत ठेवायची, तीही सगळ्यात वर, गाडीवाल्या बाईला दिसेल अशी. हा आईचा नियम होता. घरातले इतर नियम मी वाट्टेल तेवढे मोडले आणि त्यांची आता मला आठवणही नाही. हा एकदाच मोडला. त्याची आठवण आहे, कारण त्याचं फळ मला नाही, दुसऱ्याच बाईला भोगावं लागलं.

आमचं घर नागपूरच्या महाल भागात, एका गल्लीत, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत जमिनीत एक खड्डा होता. पाहुणे आले की आधी त्याचंच विचारायचे, हा खड्डा कशाचा हो? तो मागाचा खड्डा. आजोबा त्यात पाय सोडून बसायचे आणि लुगडी विणायचे, मग बाबा बसू लागले. पुढे माग चालेनासा झाला, बाबांनी तो मोडून लाकूड देऊन टाकलं आणि स्वतः इतवारीत साड्यांच्या दुकानात कामाला लागले. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडायच्या आणि गिऱ्हाईक गेलं की घडी घालायची. घरी जेवायला बसले तरी त्यांचे हात सतरंजीची नाहीतर टॉवेलची घडी घालत असत. खड्डा मात्र बुजवला नाही. आईनं त्यावर फळ्या टाकल्या आणि आत तीन पोती उभी केली: एकात कागद-पुठ्ठा, एकात प्लास्टिक, एकात पत्रा आणि बाटल्या. ओल्या कचऱ्याची हिरवी बादली मोरीजवळ. पूर्वी ती सूत निवडायची तेव्हा चांगलं एकीकडे, गुंतलेलं दुसरीकडे, मळलेलं तिसरीकडे असे तिच्या हातांना ढीग घालायची सवय होती. सूत गेलं, पण हात कुठे जाणार? महापालिकेच्या माणसांनी दारोदार येऊन ओला-सुका कचरा वेगळा ठेवा असं सांगायला सुरुवात केली तेव्हा सगळी गल्ली कुरकुरली. आई त्या माणसाला म्हणाली, "दोनच भाग? आम्ही तं कवाचे तीन करून राहिलो ना भाऊ."

दुधाची पिशवी कापून फेकलेली तिला चालत नसे. कोपऱ्याचा तुकडा पिशवीला लटकत राहिला पाहिजे, धुऊन दोरीवर वाळवली पाहिजे. आमच्या अंगणाच्या दोरीवर बाबांच्या बनियनशेजारी दुधाच्या पिशव्या वाळत असायच्या आणि मैत्रीण घरी येणार असली की मी आधी धावत जाऊन त्या काढून आणायची. मला सगळ्याचाच वैताग होता. बारावी झालेली, निकाल लागलेला, वर मे-जूनचं नागपूरचं ऊन. कूलर घरघरायचा, त्याच्या पाण्याचा तो वाळ्याचा ओला वास घरभर, पत्र्यावर कुरडया वाळत पडलेल्या, आणि मी या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून या खोलीत. आई म्हणायची, "एका जागी बस ना वं नीतू, पायाले भिंगरी लागली का?" दोन खोल्यांत माणूस फिरणार तरी किती! टीव्हीखाली पुण्याच्या कॉलेजचा फॉर्म पडलेला होता. त्यावर बाबांची सही हवी होती. बाबा नाही म्हणत नव्हते. नाही म्हणाले असते तर मी भांडले असते. ते म्हणायचे, "पाहू." सकाळी पाहू, संध्याकाळी पाहू. त्या एका शब्दानं माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

सकाळी आठच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजायचं. तेच ते गाणं, भोंग्यातून फाटक्या आवाजात. गाडी चालवायचे सलीमभाई, आणि मागे उभी असायची बेबीताई. बेबीताई चाळिशीच्या आतबाहेरची, किडकिडीत, कपाळावर घामानं ओघळलेलं कुंकू नव्हे तर हिरवं गोंदण. नवरा गेलेला, दहा वर्षांची पोरगी रामटेकला आजीजवळ शाळेत, आणि ही इथे नाल्याच्या काठच्या वस्तीत एका खोलीत एकटी. गाडीच्या दोन्ही बाजूंना तिनं पोती लटकवलेली असत. लोकांची पिशवी मागच्या फळीवर उपडी करायची आणि बाटली इकडे, पुठ्ठा तिकडे, थैल्या पलीकडे असं झपाझप टाकत जायचं. ती बोलायची मात्र बाप्यासारखी: मी येतो, मी जातो. आमच्याकडे बऱ्याच बायका असंच बोलतात. पुण्यात मी एकदा तसं बोलून गेले तर ऑफिसातल्या मुली हसून हसून बेजार झाल्या होत्या, आणि मलाही तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आज कोणी हसलं तर मी त्यांना बेबीताईची गोष्ट सांगते.

आमच्या दाराशी गाडी जरा जास्त थांबायची. आई एका हातानं पिशवी द्यायची, दुसऱ्या हातानं चहाचा कप. "वर काच हाय वं बेबीताई," म्हणून लाल धाग्याची पुडी असेल तर दाखवायची. तो धागा काठाच्या रेशमाचा. माग गेल्यावर लाल रेशमाच्या पाच-सहा कांड्या उरल्या होत्या, त्यातली एक स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असायची. आई फुटका बल्ब, फुटकी बरणी, बाबांच्या दाढीचं पातं, सगळ्याला त्या रेशमाचे वेढे द्यायची. बेबीताई ती पुडी वेगळ्या डब्यात टाकायची आणि मग बाकीच्या पिशवीत हात घालायची, आईशी बोलत बोलत, मान वर करून. तिकडे बघायचीसुद्धा नाही. हे मी रोज पाहत होते आणि मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी लाइट गेलेले. आई शेजारच्या गच्चीवर सांडगे घालायला गेली होती. रूपालीचा फोन आला. ही माझी शाळेपासूनची मैत्रीण, तिच्या बाबांनी फॉर्म कधीच सही करून पाठवला होता. "अगं नीतू, पुढच्या आठवड्यात जाऊन होस्टेल पाहून येतो आम्ही. तुझं काय झालं?" मी म्हटलं, पाहू. चक्क बाबांचाच शब्द माझ्या तोंडातून निघाला. फोन ठेवला आणि मी शोकेस उघडलं. त्यात सहा गिलासांचा सेट होता, नारिंगी फुलांचा, नरखेडच्या मामांनी दिलेला. तो फक्त पाहुण्यांसाठी. आम्ही घरचे त्यातून पाणी प्यायलो तर आई आकाशपाताळ एक करायची. मी मुद्दाम त्यातला एक काढला, त्यात पन्हं ओतलं, मागाच्या खोलीत उभं राहून अर्धं प्यायले आणि गिलास भिंतीवर फेकला. निसटला नाही, घसरला नाही, फेकला. इतक्या वर्षांनी तरी खरं लिहिते. पन्ह्याचा ओघळ भिंतीवरून खाली आला आणि दोन मिनिटं मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

मग भानावर आले. भिंत पुसली, तुकडे गोळा केले, झाडू फिरवला, ओल्या फडक्यानं टिपून घेतलं. वर्तमानपत्र घेतलं आणि स्वयंपाकघरात खिळ्याजवळ गेले. कांडीला हात लावला आणि तिथंच थांबले. लाल धागा बांधला म्हणजे पुडी वर ठेवायची, पुडी वर ठेवली म्हणजे आई विचारणार, काय फुटलं वं? आमच्या घरात लाल धागा बांधणं म्हणजे कबुली देणंच होतं. मी हात मागे घेतला. चिवड्याचं एक रिकामं पाकीट होतं, जाड, चकचकीत. त्यात तुकडे भरले, तोंड दुमडलं, आणि ते पाकीट पिशवीच्या मधोमध, वाळलेल्या दुधाच्या थैल्यांमध्ये खुपसून दिलं. शोकेसमधले पाच गिलास जरा पसरून ठेवले, मागे एक स्टीलचा डबा सरकवला. झालं. त्या संध्याकाळी कणकेचे सरगुंडे आणि आंब्याचा रस होता आणि मी दोनदा मागून घेतला, तेही लिहून टाकते.

सकाळी मी ओट्यावर दात घासत उभी होते. बेबीताईनं कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाईंचा कचरा फळीवर उपडा केलेला होता आणि तो निवडायचा बाकी असतानाच आमची पिशवी त्याला लागून उपडी केली. "काय वं बाई, पोरीचं पुण्याचं झालं का मंग?" असं आईला विचारत तिनं हात घातला, पाकीट उचललं आणि प्लास्टिकची पाकिटं ती नेहमी करायची तसं हवा काढायला मुठीत दाबलं. आवाज आधी आला, कचकन. मग तिनं हात वर धरला आणि स्वतःच त्याच्याकडे नवलानं पाहत राहिली. रक्त कोपरापर्यंत आलं तेव्हा आई ओरडली. सलीमभाई उतरून धावले, आईनं डोक्यावरचा पदर फाडून हात बांधला, आणि मी टूथपेस्टचा फेस तोंडात घेऊन तशीच उभी. "किसके घर का था ये?" सलीमभाई म्हणाले. बेबीताई फळीवरच्या दोन ढिगांकडे पाहत म्हणाली, "मास्तरीणबाईचंच असन. माह्याच हातानं तिकडचं इकडं आलं."

कोणालाच शंका आली नाही. कशी येणार? मास्तरीणबाईंच्या कचऱ्यात सगळं असायचं, चहाच्या चोथ्यात औषधाची बाटली, भाताच्या खरकट्यात पिना. आई दुपारीच कंबर कसून त्यांच्या दारात गेली. "तुमाले कितीदा सांगतलं बाई! शिकल्या-सवरल्या ना तुमी? काचेची पुडी बांधाले हात मोडतात का तुमचे? त्या बाईचा हात पाहून या जरा!" मास्तरीणबाई नगरकडच्या, नवऱ्याच्या बदलीनं नागपुरात आलेल्या आणि इथल्याच शाळेतून निवृत्त झालेल्या. त्या दारात उभ्या राहून एकच वाक्य म्हणत राहिल्या, "अहो, पण आमच्याकडे काही फुटलंच नाही हो." गल्लीतल्या बायका बाहेर येऊन ऐकत होत्या. याच मास्तरीणबाईंनी मला बारावीचं इंग्रजी वर्षभर शिकवलं होतं, एक पैसा न घेता. मी खिडकीच्या गजाला धरून ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांची बादली गाडी निघून गेल्यावर, गल्ली रिकामी झाल्यावर बाहेर यायची.

बेबीताईच्या हाताला सरकारी दवाखान्यात टाके पडले. आतली नस कापली गेली होती, मधलं बोट वाकत नव्हतं. महिनाभर हात पाण्याला आणि घाणीला लावायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. आता गाडीवरच्या कामाची रीत अशी होती की आजारी पडलात तर तुमच्या जागी तुम्हीच माणूस उभं करायचं. त्याला बदली म्हणत. आईच्या जागी मुलगी उभी राहायची, जावेच्या जागी जाऊ, आणि तुमची जागा तुमची राहायची. बदली दिली नाही तर ठेकेदाराचा सुपरवायझर चार दिवस वाट पाहून दुसरी बाई लावायचा, आणि एकदा दुसरी लागली की ती लागली. बेबीताईचं इथे कोणीच नव्हतं. म्हातारी आई रामटेकला शेतमजुरीच्या मागे, पोरगी दहा वर्षांची. जागा गेली तर तिला पोरीची शाळा सोडवून धुण्याभांड्याला लागावं लागलं असतं, आणि अशा हाताच्या बाईला भांडी तरी कोण देणार होतं!

ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. बसले की उठावंसं वाटे, उठले की बसावंसं. भात चिवडून सोडून द्यायची. आई म्हणे, "काहून वं, जेवून नाही राहिली? पुण्याचंच घेऊन बसली का अजून?" मी हो म्हणायची. पुणं माझ्या डोक्यातून पार गेलं होतं. सकाळी गाडी यायची तेव्हा मागची फळी रिकामी. सलीमभाई एकटेच उतरायचे आणि जे हाती येईल ते धडाधड आत फेकायचे. आईची निवडलेली पिशवी, धुतलेल्या थैल्या, दोरीनं बांधलेले पुठ्ठे, सगळं त्या एकाच ओल्या ढिगात पडलं तेव्हा आईचं तोंड इतकंसं झालं. "अहो भाई, वेगळं केलेलं हाय ते!" सलीमभाई म्हणाले, "भाभी, मेरे दो ही हाथ है. छाँटनेवाली थी ना, वो तो घर बैठी है." चौथ्या दिवशी त्यांनी सांगितलं, "कल सुपरवायझर नई औरत ला रहा है. बेबी को बोल देना, मुझसे नहीं बोला जाएगा."

गाडी गेली. आई पायरीवर बसली, रिकामी बादली मांडीत घेऊन. म्हणाली, "त्या मास्तरणीच्या एका काचेनं बाईची भाकर गेली." आणि माझ्या तोंडून निघालं, "आपल्या घरची होती." ठरवून नाही बोलले. ठरवून बोलायची माझी छाती नव्हतीच. आई म्हणाली, "काय?" मी म्हटलं, "काच. गिलास फोडला मी. धागा नाही बांधला." आई उठली, आत गेली, शोकेससमोर उभी राहिली आणि तिनं डबा बाजूला करून पाहिलं. मी मार खायची वाट पाहत होते, खरं सांगायचं तर आशेनंच. तिनं हात उचलला नाही. चपला घातल्या आणि म्हणाली, "चाल."

आधी मास्तरीणबाईंकडे. ज्या पायरीवर उभी राहून ती चार दिवसांपूर्वी गरजली होती, त्याच पायरीवर, तशीच भर गल्लीत, आई मोठ्यानं म्हणाली, "काच आमच्या घरची होती बाई. माह्या पोरीनं टाकली. मी तुमाले नाही नाही ते बोलली." मास्तरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि दार पूर्ण उघडलं. मग म्हणाल्या, "ऊन फार आहे. आत या." आई आत गेली नाही. मी आजही त्या गल्लीत गेले की त्या पायरीवरून जाताना मान खाली घालते, आणि त्या घरात आता तर दुसरीच माणसं राहतात.

मग बेबीताईकडे. ती दारात बसून डाव्या हातानं लसूण सोलत होती, उजवा हात पट्टीत बांधून छातीशी धरलेला. आईनं मला पुढे ढकललं. मी रडत रडत, अडखळत सगळं सांगितलं, फोन, गिलास, चिवड्याचं पाकीट. बेबीताईनं तीनदा विचारलं, "तुमच्या घरची? तुमच्याच?" मला वाटलं शिव्या देईल. द्याव्यात असं मला वाटत होतं. पण तिचा चेहरा असा झाला जसं काही कोडं सुटलं. "तेच म्हणतो मी," ती आईला म्हणाली. "चार दिवसांपासून डोकं खाऊन राहिलो होतो का बाई, मास्तरीणच्या ढिगात मी असा न पाहता हात घातलाच कसा? तिच्या ढिगात मी कधी घालत नाही ना. आधी काडीनं पाहतो, मंग घालतो." ती लसणाच्या पाकळ्या एकत्र करू लागली. "तुमचा होता म्हणून गेला हात." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसलं नाही. मी तिथंच, तिच्या दारातल्या मातीत बसले आणि हुंदके देऊन रडले. ती म्हणाली, "चूप व्हय वं. टाके मले पडले का तुले?"

बदलीचं आईनंच काढलं. संध्याकाळी बाबांना सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "उद्यापासून गाडीवर ही उभी राहीन. बेबीताईचा हात बरा होईस्तोवर." बाबांच्या हातातली टॉवेलची घडी अर्धी राहिली. "आपली पोरगी? गाडीवर? लोकं काय म्हणतीन वं!" आई म्हणाली, "लोकायनं नाही टाकली काच." मला अठरा वर्षं पूर्ण झाली होती आणि सुपरवायझरला फक्त उभा माणूस हवा होता. त्यानं सलीमभाईंना विचारलं, ये कौन? सलीमभाई म्हणाले, "बेबी की भतीजी है, साहब." सकाळी निघताना पाहिलं तर चपलांजवळ रबरी हातमोजे ठेवलेले होते, नवे कोरे. बाबा तेव्हा मोरीत चूळ भरत होते आणि मुद्दाम खूप वेळ भरत होते.

नागपुरात उन्हाळ्यात मुली तोंडाला असा स्कार्फ बांधतात की डोळ्यांशिवाय काही दिसत नाही, त्याचा मला आधार. पहिल्या दिवशी तीन वेळा ओकारी आली. आंब्याच्या कोया, टरबुजाच्या फोडी, त्यावर माशांचे थवे आणि वरून ऊन. मोजे घालून दुधाची थैली पुठ्ठ्यापासून सुटता सुटत नाही, ते मी दुसऱ्या गल्लीतच काढून टाकले. सलीमभाई तर्री-पोहे खायला थांबायचे तेव्हा मला घास उतरत नसे, आठवड्यानं उतरू लागला, आणखी आठवड्यानं मीच त्यांना म्हणू लागले, भाई, तर्री जादा सांगा. कोणत्या घरी औषधं वाढली, कोणाकडे पाहुणे आलेत, कोण बाहेरचं खातं, सगळं फळीवर दिसायचं. रूपालीचं घरही त्याच फेरीत होतं. तिच्या आईनं मला ओळखलं नाही, लांबूनच पिशवी धरली. त्यात पुण्याच्या गाडीच्या तिकिटाचा फाटका कागद होता आणि तळाशी फुटका बल्ब, मोकळा, तसाच. मी काडीनं आधी पाहिलं होतं म्हणून वाचले. त्या बाईचा मला इतका संताप आला की दिवसभर उतरला नाही. मग माझं मलाच हसू आलं. आमच्या दाराशी आई रोज बेबीताईला द्यायची तसाच कप मला द्यायची आणि म्हणायची, "वर काच हाय वं." दुसरं एक अक्षर नाही. घरी आल्यावर ती माझी आई व्हायची.

बाराव्या दिवशी टीव्हीखालच्या फॉर्मवर बाबांची सही दिसली, वळणदार, खाली रेघ ओढलेली. शेवटची तारीख मी गाडीवर उभी राहिल्याच्या तिसऱ्याच दिवशी होऊन गेली होती. ते त्यांना माहीत नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते, म्हणून मी म्हटलं, बरं झालं बाबा. पुण्याला मी गेलेच, पण इथलं कॉलेज संपवून, नोकरीला. अजून तिथेच आहे. आमच्या सोसायटीत दोन डबे आहेत आणि मी अजूनही काचेला लाल धागा बांधते. पहिल्या वेळी तर कहर झाला. लिफ्टजवळच्या डब्यात लाल धाग्याची पुडी सापडली, वॉचमननं फोटो काढला, आणि कोणीतरी करणी केली म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर तासभर गोंधळ. मी लिहिलं, "काच आहे, माझी आहे, हात कापू नये म्हणून." त्यावर सेक्रेटरींनी फक्त अंगठा पाठवला.

तर त्या वर्षी, महिना आणि वर थोडे दिवस झाले आणि बेबीताई कामावर परत आली. मधलं बोट पूर्ण वाकत नव्हतं, पण जागा तिची राहिली होती. मी त्या दिवशी ओट्यावर उभी होते, हातांना अजून वास होता, कितीही लिंबू चोळलं तरी. आईनं चहा दिला, पोरीच्या शाळेची चौकशी केली, बेबीताई हसली, मलाही म्हणाली, "काय गाडीवाली, आराम का आता?" सगळं पहिल्यासारखं. आईनं पिशवी पुढे केली. वर लाल धाग्याची पुडी होती, बेबीताईनं ती काढून डब्यात टाकली. मग तिनं पिशवी मानेला धरून हलवली, कान देऊन ऐकलं, दोन्ही हातांनी तोंड उघडून आत वाकून पाहिलं, आणि नंतर हात घातला. बोलणं चालूच होतं. तिला स्वतःला कळलंही नसावं.

आईनं ते पाहिलं. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून, गाडी दाराशी आली की ती पिशवीचं तोंड आपणच उघडून, बेबीताईला तळापर्यंत दिसेल अशी दोन्ही हातांनी धरून उभी राहू लागली.